परदेशातल्या हिवाळ्यात कढीपत्ता: या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी, मी कढीपत्ता टाकून द्यायला निघाले होते. एक पान शिल्लक नव्हतं, नुसत्या काड्या. पिशवीत मावेना म्हणून खोड कात्रीने कापलं, तर आत हिरवागार गर. हाताला तोच फोडणीचा वास. झाड झोपलं होतं आणि मी त्याला मूठमाती द्यायला निघाले होते! उरलेल्या बुंध्यातून एप्रिलअखेरीस तीन फुटवे आले.

तेव्हा पहिली चूक हीच: पानं गळाली की झाड मेलं समजणं. खोडाची साल नखाने किंचित खरवडून बघा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर आणखी खाली, बुंध्याकडे खरवडा. शेंडे वाळूनही बुंधा धडधाकट असतो, असं पुष्कळदा होतं. मे संपेपर्यंत निकाल देऊ नका.

आत घ्यायला उशीर

कढीपत्ता मूळचा आपल्याकडचा, भारत-श्रीलंकेतला. पुण्यात जानेवारीत त्याची पानं पिवळी पडतात, निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की वाढ थांबते. पण तिथे मुळं जमिनीच्या उबेत असतात आणि दुपारी ऊन मिळतं. कुंडी मात्र चारी बाजूंनी गारठते.

म्हणून ‘दंव गोठण्याचा इशारा (फ्रॉस्ट वॉर्निंग) आला की घेऊ आत’ असं म्हणत बसू नका. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइट, म्हणजे १० अंश सेल्सिअसला टेकायला लागलं की कुंडी उचलायची. मध्य न्यू जर्सीत ही वेळ साधारण घटस्थापनेच्या आसपास येते, त्यामुळे माझ्या तरी लक्षात राहते. अधिक मास असलेल्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबतं, तेव्हा पंचांग नको, थर्मामीटर बघा.

आत आणण्याआधी झाडाला अंघोळ घाला. पाइपाने पानांच्या खालच्या बाजूला पाणी मारायचं, मग साबणाच्या सौम्य पाण्याने खोड आणि देठ पुसून घ्यायचे. बाहेर एखाददुसरा असलेला पिठ्या ढेकूण घरात आला की महिन्याभरात सगळ्या खिडक्यांचा मालक होतो.

निम्मं झोपेत, निम्मं जागं

बहुतेकांची झाडं इथेच जातात. हिवाळ्यात कढीपत्ता एकतर जागा ठेवायचा किंवा झोपवायचा. मधला मार्ग नाही.

जागा ठेवायचा तर त्याला ऊब आणि उजेड दोन्ही हवेत: ६५ फॅरनहाइटच्या वर तापमान, दक्षिणेची खिडकी, आणि शक्य असेल तर टायमरवर रोज बारा तास ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा. मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घाला, कोरडं लागलं तरच पाणी. झोपवायचा तर ४० ते ५० फॅरनहाइटची जागा, म्हणजे घराला लागून असलेलं गॅरेज किंवा न तापवलेलं बेसमेंट. तिथे पानं गळणारच, गळू द्या. पानंच नाहीत तर उजेड फारसा लागत नाही आणि पाणी तर जवळजवळ नाहीच. तीन-चार आठवड्यांनी कपभर, माती अगदी ठणठणीत होऊ नये इतपत.

आपण करतो काय? दिवाणखान्यातल्या उबदार पण अंधाऱ्या कोपऱ्यात कुंडी ठेवतो. मग फिकट, लांबुळके, दोऱ्यासारखे कोंब येतात आणि फेब्रुवारीत माना टाकतात. किंवा गॅरेजमध्ये झोपवतो आणि दर रविवारी तांब्याभर पाणी घालतो. मी नेमकं हेच करत होते, दयेपोटी. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही. ते मातीत साचतं, मुळं कुजतात आणि कुंडीच्या तळाला गटारासारखा वास येतो. तसा वास आलाच तर झाड बाहेर काढा, मऊ काळी मुळं कापा आणि पर्लाइट (पांढरे, हलके खडे) मिसळलेल्या कोरडसर मातीत, लहान कुंडीत लावा. हिवाळ्यात कुंडी बदलायची वेळ फक्त एवढ्यासाठीच.

ताकाचं प्रेम

‘ताक घाल गं त्याला,’ आई फोनवर दरवेळी सांगते. उन्हाळ्यात, अंगणात, पातळ केलेलं आंबट ताक मीही घालते. पण डिसेंबरात, बंद घरात, सुस्त झाडाला घातलेलं ताक मातीवरच पडून राहतं. आधी आंबूस वास, मग पांढरी बुरशी, मग चहाच्या कपाभोवती घोंघावणारी चिलटं. इतर खतांचंही तेच. नवी पालवी दिसेपर्यंत काही घालू नका.

पिवळी पानं

पिवळं पान दिसलं की लगेच पाणी घालायला धावू नका. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतायत आणि माती ओली आहे, तर पाणी जास्त झालंय. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. त्याचा इलाज वसंतात. पानावर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके असतील तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. टिंबं चालायला लागली तर तो लाल कोळी. हीटरच्या जाळीजवळच्या कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. कुंडी तिथून हलवा, झाडाला शॉवरखाली धरा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा धरा, कारण अंडी एका धुण्यात जात नाहीत.

झाड जागं असलं तरी पोह्यांसाठी रोज ओरबाडू नका. हिवाळ्यात तोडलेली डहाळी भरून यायला फार वेळ लागतो.

जमिनीत लावलेलं झाड

टेक्ससकडच्या मंडळींची गोष्ट वेगळी. तिथे झाड जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं आणि फेब्रुवारी २०२१ सारखी एखादी थंडीची लाट येते. तेव्हा घाईत प्लास्टिक गुंडाळलं जातं. पानाला प्लास्टिक टेकलं की तिथेच पान करपतं. जुनी चादर चालते, पण जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे, कारण रात्री ऊब मातीतूनच वर येते. फक्त शेंड्याला फेटा बांधून उपयोग नाही. बुंध्याशी वाळक्या पानांचा जाड थर द्या. आत दिव्यांची माळ सोडायची तर जुन्या पद्धतीचे बल्ब हवेत, एलईडी तापत नाही. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका, थंडी पुरती सरू दे.

मार्चमधली घाई

मार्चमध्ये एखादा दिवस ७० फॅरनहाइटला जातो आणि आपल्याला वाटतं, सुटलो. अक्षय्य तृतीयेला आळं करून बी लावायची कोकणातली पद्धत इथे दरवर्षी जमेलच असं नाही. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर त्यानंतरही गोठवणारं दंव पडू शकतं. इथले शेजारी मदर्स डेपर्यंत, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत थांबतात, मीही थांबते. तेव्हाही पहिले तीन-चार दिवस झाडाखालच्या सावलीत, तासभरच. मग सकाळचं ऊन, मग जरा जास्त. खिडकीतल्या उजेडाला सरावलेलं पान थेट उन्हात ठेवलं की दोन दिवसांत पांढरं पडतं. गेल्या वर्षी मी आठ दिवस कुंडी आत-बाहेर केली. नवव्या दिवशी रात्री बाहेर ठेवली आणि दोनदा उठून तापमान पाहिलं. ५२ होतं.