हॉस्पिस निवडताना या चुका टाळा: लॉबी राहू द्या, कपाटाची चावी कुणाकडे असते ते विचारा

आजार आता बरा होणार नाही हे कळल्यावर माणसाचे शेवटचे दिवस कमी त्रासात जावेत म्हणून जी जागा किंवा घरी येणारी टीम असते, ती हॉस्पिस. तिच्यासाठी आठवड्यातून एकदा तरी मला अनोळखी नंबरवरून फोन येतो. माणूस नवा, वाक्य तेच. "ताई, हॉस्पिटलवाले म्हणतात आता घरी न्या. एखादं चांगलं हॉस्पिस सांगा ना, उद्याच हलवायचंय."

उद्याच. हीच मंडळी लेकीच्या लग्नाचं कार्यालय वर्षभर आधी बघतात, तिथला मठ्ठा चाखून येतात, पार्किंगमध्ये किती गाड्या बसतात ते मोजतात. वडिलांच्या शेवटच्या महिन्यासाठी मात्र एक फोन, एक व्हॉट्सअ‍ॅप लोकेशन आणि काम झालं.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पुण्यात अकरा वर्षं स्वयंसेवक म्हणून अशा घरांमध्ये जाते, पेशंटपाशी बसते आणि नातेवाइकांच्या वतीने भांडते. त्यामुळे खाली आहे ते शास्त्र कमी आणि सवयी जास्त. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण या चुका पाहून मी आता खरोखर कंटाळले आहे.

दिवसा जाऊन बघणं

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

माझे धाकटे काका, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. प्रोस्टेटचा कॅन्सर, पाठीच्या मणक्यांपर्यंत गेलेला. चुलतभाऊ न्यू जर्सीत. त्याने इंटरनेटवर शोधून एक जागा काढली, व्हिडिओ कॉलवर तिथल्या मॅनेजरने त्याला सगळा मजला फिरवून दाखवला आणि मला म्हणाला, "तू फक्त एकदा बघून ये." मी गेले, सकाळी अकराला. स्वच्छ फरशी, माशांची टाकी, खिडकीतून दिसणारी बाग, भिंतीवर सुविचार. मला तेव्हा या कामात दोनच वर्षं झाली होती, तरी शिंगं फुटल्यासारखी मी भाऊला सांगितलं, "झकास आहे."

पाचव्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी काकूचा फोन. ती काही बोलतच नव्हती, मागून नानांचा आवाज येत होता तेवढाच. मी स्कूटर काढली. गेटवरचे मामा आधी उघडेनात. वर गेले तर दोन मजल्यांना मिळून एक सिस्टर, वीस-बावीस वर्षांची, रडायच्या बेतात. नानांनी पांघरुणाचं टोक दातांत धरलं होतं आणि एका हाताने पलंगाचा कठडा इतका घट्ट पकडला होता की बोटं पांढरी पडली होती.

अशी कळ थांबवणारी मॉर्फिनची गोळी होती. तिथेच होती, चार पावलांवरच्या लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप होतं, ते असायलाच हवं. पण चावी मॅडमकडे, आणि मॅडम संध्याकाळी सहाला चावी पर्समध्ये टाकून घरी जायच्या. रोज. रात्री मॅडम फोन उचलत नसत. त्या मुलीने नानांना पॅरासिटामॉल दिलं, कारण तिच्या ट्रॉलीत तेवढंच होतं. मॅडम आल्या सकाळी सात चाळीसला. साडेपाच तास.

माशांची टाकी रात्रभर छान उजळलेली होती, हे मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी कुठलीही जागा दिवसा बघत नाही. पहिला फोन रात्री साडेअकरानंतर करते, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून, आणि एकच विचारते: "माझ्या पेशंटला आत्ता कळ आली तर तुम्ही काय द्याल आणि किती मिनिटांत?" चांगल्या ठिकाणची सिस्टर सरळ सांगते, अमुक गोळी लिहिलेली आहे, मी देते, अर्ध्या तासाने परत बघते, नाही थांबलं तर डॉक्टरांना उठवते. वाईट ठिकाणी उत्तर येतं, "सकाळी ऑफिसला फोन करा." मग सकाळी फोन करायची गरजच उरत नाही. प्रत्यक्ष भेट संध्याकाळी ड्युटी बदलते त्या वेळी. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक पेशंटबद्दल काय सांगते, हे कोपऱ्यात उभं राहून दहा मिनिटं ऐकलं की सगळं कळतं. "एक ते आठ ठीक, नऊ नंबर कटकट करतो" एवढ्यावर आटोपलं, तर तुम्हीही आटोपतं घ्या.

चावीचं पुढे सांगते, कारण त्यामागे कायदाही आहे. मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. 1985 च्या मूळ कायद्यापायी ते ठेवायचं म्हणजे परवान्यांची चळत लागे, म्हणून बरीच हॉस्पिटलं त्या वाटेलाच जात नसत. 2014 च्या दुरुस्तीनंतर ते सोपं झालं. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली संस्था ते ठेवू आणि देऊ शकते. तेव्हा बिनधास्त विचारा: मान्यता आहे का? नसेल तर गोळी कुठून आणता? साठा संपतो तेव्हा काय करता? रात्री चावी कुणाकडे? हे विचारल्यावर समोरचा चमकला किंवा "आमच्याकडे तशी वेळच येत नाही" म्हणाला, तर माझ्या मते उठावं. कॅन्सर हाडांत गेलेल्या माणसावर ती वेळ येते.

आणि कृपा करून "मॉर्फिनची सवय लागेल" हे मला ऐकवू नका. महिनाभराचा पाहुणा असलेल्या माणसाच्या सवयीची काळजी करणारे लोक त्याच्या बेडसोअरकडे, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमांकडे, मात्र बघत नाहीत.

त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी नानांना आम्ही घरी आणलं आणि घरी येणाऱ्या एका टीमला बोलावलं. त्यांच्या सिस्टरने पहिल्या भेटीत काकूकडे मिसळणाचा डबा मागितला. काकूला वाटलं, बाईंना फोडणी करायचीय. सिस्टरने मोहरी-हळद काढून वाट्या धुऊन पुसून घेतल्या. पाच वाट्या पाच वेळांच्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्री दहाच्या वाटीत दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. सहावी वाटी अधेमधे कळ आली तर. सातवीत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच आणि ते औषध सोबत लिहून न देणारा माणूस या कामात नवा आहे असं खुशाल समजावं. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत तक्ता आखला. बाग नव्हती, टाकी नव्हती. नाना पुढे एकोणीस दिवस होते आणि पांघरूण परत दातांत धरलं नाही.

केअरटेकर सेंटर म्हणजे हॉस्पिस समजणं

पाटीवर हल्ली काहीही लिहितात. मावशी आंघोळ घालतात, डायपर बदलतात, पेज भरवतात, हे सगळं मोलाचंच, पण एवढ्याने हॉस्पिस होत नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी ठेवणं, हे शिकलेला डॉक्टर तिथे आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा. "गरज पडली तर बोलावतो" हे उत्तर नव्हे.

ओळखायची आणखी एक सोपी खूण. विचारा: "रात्री श्वास लागला, बीपी पडलं, तर काय करता?" उत्तर "लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून आयसीयूत हलवतो" असेल, तर ज्यासाठी तुम्ही हॉस्पिस शोधताय तेच ते करणार नाहीत. शेवटी मशीनवर ठेवू नका, असं पेशंटने स्वतः आधी लिहून ठेवलं असेल तर प्रश्न थोडा सोपा होतो. उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. तो कागद दाखवल्यावर मॅनेजरचा चेहरा बघा.

फुकट म्हणजे दुय्यम

हा पुणेरी नव्हे, नव्या पैशाचा समज आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 पासून पेशंटकडून पैसे न घेता चालतं. त्यांचं एक केंद्र गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र 1997 चं, तेही मोफत. उलट दिवसाला हजारो रुपये घेणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत जिथे मॉर्फिनचं नाव काढलं की लोक दार लावून बोलतात. फक्त एक ध्यानात ठेवा: बऱ्याच ठिकाणी कॅन्सरचेच पेशंट घेतात. आईला डिमेन्शिया असेल किंवा किडन्या गेल्या असतील, तर आधी फोनवर विचारा. तिला गाडीत घालून दारापर्यंत नेऊन परत आणू नका.

ऑनलाइन तारे मोजणं

पाच तारे पहिल्या दिवशीच्या भेटीचे असतात. ज्यांनी तिथे रात्री काढल्या, ते तेराव्याच्या गडबडीत असतात.

फर्निचर बघणं, तोंड न बघणं

वॉर्डात शिरलात की पेशंटच्या तोंडाकडे बघा. ओठ भेगाळलेले, जिभेवर पांढरा थर, म्हणजे दिवसभर कुणी ओला बोळा फिरवलेला नाही. मग बेडसोअर आहेत का ते बघायला टाचा आणि शक्य असेल तर माकडहाड. कूस कधी बदलली याचा तक्ता पलंगाशी लावलेला असतो, तो बघा. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच झोकात लिहिलेल्या असतील तर तो तक्ता संध्याकाळी चहाच्या वेळी भरलाय. "एअर बेड आहे, वळवायची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करा.

त्यांनी तुम्हाला काय विचारलं, याकडे लक्ष न देणं

ही चूकही मला फार जिव्हारी लागते. आपण प्रश्नांची यादी घेऊन जातो, यूट्यूबवरून उतरवलेली, आणि तिच्यावर टिकमार्क करत बसतो. यादीतले प्रश्न त्यांनाही पाठ असतात. ते तुम्हाला काय विचारतात तिकडे कान द्या.

वाईट जागेचा पहिला प्रश्न: डिपॉझिट रोख की ऑनलाइन? दुसरा: आधार कार्डाची झेरॉक्स. संपलं.

चांगली जागा पाऊण तास घेते. दुखणं शून्य ते दहात किती, कशाने वाढतं, रात्री झोप लागते का. घरात निर्णय कोण घेतं आणि कोण फक्त ओरडतं. आजींना कुठली बोली जवळची, पहाटे उठून चहा लागतो का. आणि सगळ्यात अवघड प्रश्न: त्यांना आजाराबद्दल काय माहीत आहे?

इथे दहातली आठ घरं म्हणतात, "त्यांना काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका." यावर "बरं बरं, काळजी नको" म्हणणारी जागा तुम्हाला सोयीची वाटेल. मला ती धोक्याची वाटते, कारण जी जागा आजींशी तुमच्या वतीने खोटं बोलते, ती उद्या तुमच्याशीही बोलेल. साताऱ्याकडच्या एका आजींना पोरांनी "आतड्याला सूज आहे" सांगितलं होतं. हॉस्पिसच्या समाजसेविकेने पोरांशी वाद घातला नाही. "मी काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही" एवढंच म्हणाली, आणि आजींपाशी बसून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" आजी म्हणाल्या, "सूज काय एवढी सहा महिने राहती व्हय? पोरं भेदरल्यात म्हणून मी गप हाय." मग मुद्द्यावर आल्या: पोस्टातल्या खात्याला नॉमिनी म्हणून नाव मेलेल्या नवऱ्याचंच लावलेलं होतं, ते धाकट्या सुनेचं करायचं होतं. पुढच्या चार दिवसांत पोस्टाचा फॉर्म आला, सही झाली. पोरं त्या समाजसेविकेवर आधी भयंकर चिडली होती.

शेवटचे दोन दिवस न विचारणं

घशात घरघर सुरू होते तेव्हा काय करता, हे आधीच विचारून ठेवा. सारखी नळी घालून ओढत बसतात, की कुशीवर वळवून गरज पडल्यास कातडीखालून इंजेक्शन देतात? "ताकदीसाठी" सलाईन चढवतच राहतात का? घरची सेवा घेत असाल तर आणखी एक: पहाटे चारला माणूस गेला तर डॉक्टर येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला देणार का? घरच्या मृत्यूसाठी तो नमुना 4-अ वर असतो, आणि नसला तर सकाळी अख्खी सोसायटी खाली जमलेली असताना तुम्ही गल्लीतला दवाखाना उघडायची वाट बघत बसता. "24 तास सेवा" म्हणजे 24 तास फोन उचलणं, की 24 तास येणं, हेही तेव्हाच विचारा.

गोळ्या मोजायला कुणी येत नाही, हे चालवून घेणं

माणूस गेल्यावर उरलेलं मॉर्फिन परत मागणारी टीम खरी. नाना गेल्यावर चौथ्या दिवशी ती सिस्टर आली. काकूजवळ तासभर बसली, चहा घेतला. मग मिसळणाचा डबा पुढ्यात घेऊन वाट्यांतल्या गोळ्या एकेक करून मोजल्या. चौदा. वहीत लिहिल्या, काकूची सही घेतली, गोळ्या पाकिटात घातल्या आणि वाट्या स्वतः घासून पालथ्या घालून गेली.