मारुती ८००चा तडकलेला बंपर घरीच कसा सांधावा

पद्मिनी किंवा अँबॅसेडरचा बंपर चेपला, तर डेंटर तो उतरवून ठोकून सरळ करायचा आणि वर क्रोमचा मुलामा चढवला की झालं. १९८६मध्ये मारुती ८००चं नवं मॉडेल आलं आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या बंपरपुढे हातोडीचा काही उपयोग उरला नाही. हा बंपर धक्का बसला की दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की त्यातला लवचीकपणा जातो. मग गेटच्या खांबाला नुसतं टेकलं तरी कोपऱ्यातून बोटभर तडा जातो.

गॅरेजमध्ये नेलं की ‘नवीन टाका’ असंच ऐकायला मिळतं. माझं मत वेगळं आहे. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. आता दुकानात मिळणारे बरेच बंपर पातळ असतात आणि त्यांची भोकं जुळवता जुळवता दिवस जातो. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला बंपर सांधण्यासारखा असेल तर तो सांधावाच.

तो सांधण्यासारखा आहे का, हे आधी बघा. आतली, बाहेरून न दिसणारी कड अंगठ्याने हलकेच वाकवा. वाकून परत आली तर काम होईल. कडकन तुटली किंवा खडूसारखी भुकटी हाताला लागली, तर सांधा टिकला तरी शेजारी नवा तडा जाईल. अशा वेळी, किंवा बोल्ट बसतात ते कानच तुटून हरवले असतील तर, बंपर बदलणंच बरं.

उतरवणं

काढण्याआधी दोन्ही बाजूंचे, चाकाच्या कमानीतले आणि खालचे फोटो काढून ठेवा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. जोर लावून पिळले तर मुंडकी तुटतात. आधी कमानीतले स्क्रू आणि क्लिपा, मग मधले बोल्ट. शेवटचा बोल्ट सुटताना बंपर धरायला दुसरा माणूस हवाच. एक टोक लटकलं की तडा क्षणात दुप्पट होतो.

प्लॅस्टिक ओळखणं

सगळं काम या एका गोष्टीवर अवलंबून आहे. बंपर धुऊन आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं शोधा. ‘पीपी’ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. अक्षरं नसतील तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पेलाभर पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन सहसा तरंगतं, एबीएस नावाचं दुसरं प्लॅस्टिक बुडतं. तरीही शंका असेल तर तो तुकडा चिमट्यात धरून मोकळ्या हवेत पेटवा. विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन. काळा काजळीदार धूर आला तर एबीएस.

पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर साधा गोंद धरत नाही. बाबांच्या १९९४च्या गाडीला मी पहिल्यांदा एपॉक्सी पुट्टी भरली होती. दिसायला झकास झालं. पावसाळा संपायच्या आत ती पुट्टी अख्खी पापुद्र्यासारखी निघून आली. हे प्लॅस्टिक त्याच्याच जातीच्या प्लॅस्टिकने वितळवून जोडावं लागतं.

टाके आणि वेल्डिंग

तडा जिथे संपतो तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. दोन्ही कडा जुळवून क्लॅम्पने किंवा चिकटपट्टीने पक्क्या धरा. दारं-खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला मास्क लावून काम करा.

सुरुवात नेहमी आतून. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तड्यावर दर दोन सेंटिमीटरला एक ठिपका वितळवा, हे कच्चे टाके. मग तड्याच्या रेषेवर निम्म्या जाडीपर्यंत ‘व्ही’ आकाराची खाच करा, तिच्यावर स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी ठेवून गरम टोकाने प्लॅस्टिकमध्ये दाबा आणि वरून पीपीची कांडी वितळवून भरा. कांडी आणि बंपर दोन्ही एकाच वेळी ओले चमकायला हवेत. नुसती कांडी वितळली तर ती वर चिकटून राहते आणि नंतर सोलून निघते. तपकिरी रंग दिसला तर प्लॅस्टिक जळतंय, आयर्न लगेच उचला. पाणी न ओतता आपोआप गार होऊ द्या.

बाहेरून खाच अरुंद ठेवा. जुन्या करड्या-काळ्या बंपरला रंग नसतो, त्यामुळे भरलेली कांडी वेगळी उठून दिसते. त्यावर एक उपाय आहे. कुर्ल्याच्या भंगारबाजारासारख्या ठिकाणी त्याच रंगाच्या तुटक्या बंपरचा तुकडा शोधा आणि त्याच्या बारीक पट्ट्या कापून कांडीऐवजी वापरा. तोही आधी पाण्यात टाकून बघा.

उंचवटा धारदार पात्याने तासून १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. घासल्यावर तिथला खरखरीत पोत गुळगुळीत होतो. हीटगनने ती जागा जेमतेम मऊ करा आणि ८० नंबरच्या पॉलिशपेपरची खरखरीत बाजू तिच्यावर दाबून धरा. दाणे उमटतात. आधी भंगारातल्या तुकड्यावर दोन-तीनदा करून हात बसवा.

नंतरच्या मॉडेलांचा गाडीच्या रंगाचा बंपर असेल तर पोताचा प्रश्न नाही. मात्र रंगाआधी प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर आणि रंगात लवचीकपणा आणणारं मिश्रण हवंच. नाहीतर बंपर दबला की रंगाला भेगा पडतात.

परत बसवणं

नवा बंपर आणला असेल तर रंगाआधी एकदा कोराच लावून बघा. जुना असो वा नवा, सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवा. पुठ्ठ्याची पट्टी घेऊन डावी-उजवी फट सारखी करा आणि मधून कडेकडे आवळत जा. टोकांचे स्क्रू कधीही करकचून आवळू नका. एवढा लांब प्लॅस्टिकचा तुकडा भर उन्हात काही मिलिमीटर लांबतो आणि रात्री आखडतो. त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर कोपऱ्यात पुन्हा तडा जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, दोन्ही फटींतून तीच पट्टी फिरवून बघा.