लिनक्सवर शिफ्ट होताय? चित्र, फोटो, व्हिडिओ, म्युझिक करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, मशीन अजून धडधाकट आहे पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून विंडोज ११ घेत नाही, तर मग लिनक्स टाकू का. नुसतं ब्राउझिंग आणि मेल असेल तर एका संध्याकाळचं काम आहे, बिनधास्त टाका. पण ज्यांचं रोजचं काम चित्र काढणं, फोटो, व्हिडिओ एडिटिंग नाहीतर गाणी रेकॉर्ड करणं आहे त्यांनी कृपा करून घाई करू नका. मी स्वतः हे सगळं केलंय आणि जे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते लिहितोय. यादीच आहे, पण यात क्रमाला फार महत्त्व आहे म्हणून सलगच लिहितो.

सगळ्यात पहिलं, सिस्टीमला हात लावायच्या आधी सॉफ्टवेअर बदला. क्रिटा (चित्रं), गिंप (फोटो), इंकस्केप (व्हेक्टर चित्रं), ब्लेंडर (थ्रीडी), डार्कटेबल (फोटो), केडेनलाईव्ह (व्हिडिओ), स्क्रायबस (पानांची मांडणी), आर्डर आणि रीपर (म्युझिक) हे सगळं विंडोजवर पण चालतं, त्यामुळे आहे त्याच मशीनवर आजच इन्स्टॉल करा आणि एक खरं काम, म्हणजे कोणाला तरी द्यायचंय असं काम, सुरुवातीपासून डिलिव्हरीपर्यंत त्यावर करून बघा. ट्युटोरियल बघून केलेला सराव यात धरू नका, कारण खऱ्या कामातच कळतं की अरे ही एक गोष्ट मी दिवसातून चाळीस वेळा करतो आणि इथे ती कुठे आहे तेच सापडत नाहीये. दोन्ही एकदम बदललं की काहीही अडलं तरी दोष सॉफ्टवेअरचा का सिस्टीमचा तेच कळत नाही आणि माणूस वैतागून परत जातो. क्रिटामध्ये फोटोशॉपसारखे शॉर्टकट लावायची सोय आहे, ब्लेंडरमध्येही इतर थ्रीडी सॉफ्टवेअरसारखा कीमॅप मिळतो, ते लावून घ्या, हाताची सवय मोडायला लागणारा वेळ खूप वाचतो.

मग एक कागद घ्या आणि गेल्या तीन महिन्यांत कामासाठी काय काय उघडलं ते लिहून काढा, सॉफ्टवेअर, प्लगइन, फॉन्ट, आणि मशीनला जोडलेली प्रत्येक वस्तू. आठवणीवर लिहू नका, रिसेंट फाईल्सची लिस्ट बघून लिहा. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करायची, लिनक्सवर आहे तसं मिळतं, पर्याय मिळतो, काहीच नाही. ब्लेंडर, डाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंग), रीपर, बिटविग (म्युझिक) हे आहे तसे मिळतात. अडोबीचं फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाईन, आफ्टर इफेक्ट्स यातलं काहीही लिनक्ससाठी येत नाही. वाईन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायची सोय) लावून काही जुनी व्हर्जन्स चालवणारे लोक आहेत, पण ज्याच्यावर पोट आहे ते काम त्या भरवशावर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुमची कमाई आफ्टर इफेक्ट्सच्या टेम्प्लेटवर असेल किंवा समोरचा रोज इनडिझाईनची फाईल पाठवून त्यातच परत मागत असेल, तर सध्या जाऊ नका, यात कमीपणा काही नाही.

आता सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि हाच लोक टाळतात. जुन्या फाईल्स. जुनं सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच त्या बाहेर काढून ठेवता येतात, नंतर नाही. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाईल, गिंप आणि क्रिटा दोन्ही उघडतात पण स्मार्ट ऑब्जेक्ट, ॲडजस्टमेंट लेयर, टेक्स्ट यात काहीतरी हलतंच, म्हणून महत्त्वाच्या कामाची पीएसडी ठेवाच पण सोबत एक १६ बिट टिफ किंवा पीएनजी पण काढून ठेवा म्हणजे फायनल कसं दिसत होतं ते डोळ्यासमोर राहील. इलस्ट्रेटरची फाईल सेव्ह करताना पीडीएफ कंपॅटिबलचा टिक चालू असेल तर इंकस्केप ती उघडतं, टिक नसेल तर आत काहीच हाती लागत नाही, म्हणून जुन्या फाईल्स उघडून पुन्हा सेव्ह करा आणि एसव्हीजी पण काढा. इनडिझाईनची मूळ फाईल स्क्रायबसमध्ये उघडत नाही, इनडिझाईनमधूनच आयडीएमएल (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारा प्रकार) काढलं तर स्क्रायबस ते वाचतं, मांडणी थोडी इकडेतिकडे होते पण मजकूर आणि चौकटी येतात, सोबत पीडीएफ हवीच. लाईटरूमवाल्यांनी सगळे फोटो सिलेक्ट करून मेटाडेटा फाईलमध्ये सेव्ह करा, म्हणजे एक्सएमपी (फोटोची माहिती ठेवणाऱ्या छोट्या फाईल्स) तयार होतात, स्टार, कीवर्ड, क्रॉप आणि काही बदल डार्कटेबल त्यातून उचलतं, पण रंग सेम टू सेम येणार नाहीत कारण रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची) फाईल वाचायची दोघांची पद्धतच वेगळी आहे. जे फोटो पूर्ण झालेत ते एक्स्पोर्ट करून मोकळे व्हा, परत एडिट करत बसू नका.

म्युझिकवाल्यांसाठी जरा थांबून सांगतो कारण इथे माझं स्वतःचं नुकसान झालंय. प्रत्येक गाण्याचे स्टेम्स, म्हणजे एकेका ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाईल, काढा, सगळे ट्रॅक पहिल्या बारपासून, २४ बिट वेव्ह, इफेक्टसह एक सेट आणि इफेक्टशिवाय एक सेट, मिडी (सुरांच्या नोंदींची फाईल) वेगळी, आणि एका टेक्स्ट फाईलमध्ये टेम्पो, स्केल, सॅम्पल रेट. मी एका गाण्याची फक्त प्रोजेक्ट फाईल ठेवली होती, त्यातला मुख्य सिंथ एका प्लगइन कंपनीचा होता ज्याचं लायसन्स दोनच मशीनवर चालायचं, आणि मी जुन्या विंडोजमधून ते डीॲक्टिव्हेट न करता डिस्क पुसून टाकली. त्या कंपनीशी मेल करण्यात आठ दिवस गेले आणि तोवर गाण्यातली मुख्य धूनच मुकी होती, बाकी सगळे ट्रॅक वाजतायत आणि मधे नुसती पोकळी. म्हणून लायसन्सची पण यादी करा, कुठे लॉगिन आहे, किती मशीनची लिमिट आहे, आणि पुसायच्या आधी एकेक करून साईन आउट करा. विंडोजचे व्हीएसटी (वाद्य आणि इफेक्टचे) प्लगइन लिनक्सवर याब्रिज नावाचं सॉफ्टवेअर वापरून बरेच चालतात, पण कॉपी प्रोटेक्शनवाले कधी चालतात कधी नाही, प्रत्येक वेगळं तपासावं लागतं.

फॉन्टची यादी कामागणिक करा. सबस्क्रिप्शनमधून आलेले फॉन्ट तुमच्यासोबत येत नाहीत, ते सबस्क्रिप्शन आणि त्या कंपनीचं ॲप चालू आहे तोवरच मिळतात. देवनागरीत काम असेल तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नेहमीच्या फॉन्टने 'तऱ्हा', 'श्रद्धा', 'वाङ्मय' हे तीन शब्द टाईप करून बघा, जोडाक्षरं नीट बसली तर पुढचं बहुतेक नीट बसतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आत्ताच कन्व्हर्ट करून घ्या.

फाईलची नावं हा छोटा वाटणारा पण डोकं खाणारा प्रकार आहे. विंडोजला नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच वाटतं, लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणजे प्रोजेक्टमध्ये लिंक आहे कॅपिटल जेपीजीची आणि फोल्डरमध्ये फाईल आहे स्मॉल जेपीजी, तर विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेला तोच प्रोजेक्ट लिनक्सवर फाईल मिसिंग म्हणतो. ब्लेंडरचे टेक्श्चर आणि व्हिडिओच्या क्लिप यात हे हमखास होतं. ब्लेंडरमध्ये टेक्श्चर फाईलमध्येच पॅक करायची सोय आहे, ती वापरा.

बॅकअप दोन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, आणि कॉपी झालं म्हणजे झालं असं न समजता त्यातल्या दहाबारा फाईल्स दुसऱ्याच मशीनवर उघडून बघा.

मग पेनड्राईव्हवरून लिनक्स लाईव्ह चालवून बघायचं, काहीही इन्स्टॉल न करता. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं उबुंटू स्टुडिओ घेतलं तर कामाची बरीचशी सॉफ्टवेअर आधीच असतात, मिंट पण चांगलं आहे, यावर आठवडाभर वाद वाचत बसू नका. लाईव्हमध्ये वायफाय, दोन्ही मॉनिटर, स्लीप करून परत उठतंय का, स्कॅनर, आणि पेन टॅबलेट बघा. वॅकॉमचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतात त्यामुळे बहुतेक वेळा लावलं की चालतं, बाकीच्या कंपन्यांसाठी ओपनटॅबलेटड्रायव्हर बघा. क्रिटा उघडून आधी एक हळूच सुरू होऊन जाड होत जाणारी रेघ ओढा, प्रेशर कळेल, आणि मग एक मोठा गोल काढा. मला दोन मॉनिटर जोडलेले असताना गोलाचं आडवं अंडं मिळत होतं आणि मी अर्धा दिवस प्रेशरच्या सेटिंगमध्ये घालवला, पण टॅबलेट दोन्ही स्क्रीनवर पसरला होता एवढंच झालं होतं, सेटिंगमध्ये जाऊन तो एकाच मॉनिटरला जोडला की गोल गोल झाला.

ऑडिओ इंटरफेस (माईक आणि वाद्य मशीनला जोडायचा डबा) यूएसबी क्लास कंप्लायंट, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा, आहे का ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा, असेल तर चालेल, पण ज्याचे आतले मिक्सर फक्त कंपनीच्या ॲपमधून हलतात त्यात अडचण येऊ शकते. आजकाल बहुतेक ठिकाणी आवाज सांभाळायला पाईपवायर असतं, रेकॉर्डिंगला बफर (आवाज एका वेळी किती सॅम्पलच्या तुकड्यात पुढे जातो ते) २५६ ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला त्याचा साधारण ५.३ मिलिसेकंद उशीर होतो, गाताना हेडफोनमध्ये ते जाणवत नाही, १०२४ ला २१ च्या वर जातं आणि गाणारा अडखळतो.

व्हिडिओवाल्यांनी हे नीट वाचा. डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ घेत नाही, म्हणजे मोबाईलची आणि बऱ्याच कॅमेऱ्यांची क्लिप थेट टाकता येत नाही, एएसी ऑडिओचाही त्रास आहे. उपाय म्हणजे एफएफएमपेग या कन्व्हर्टरने आधी डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचा व्हिडिओ प्रकार) आणि पीसीएम (न दाबलेला) ऑडिओमध्ये बदलून घ्यायचं, चालतं छान, पण फुल एचडीचं २५ फ्रेमचं एक मिनिट चांगल्या क्वालिटीत सव्वा ते दीड जीबी खातं, तेव्हा डिस्कचा हिशोब आधी करा. किंवा केडेनलाईव्ह घ्या, त्याला या क्लिप तशाच चालतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंपनीचाच ड्रायव्हर टाका, रिझॉल्व्हला तोच लागतो.

प्रिंटचं काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा की गिंपमध्ये पूर्ण सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) काम होत नाही, क्रिटामध्ये होतं, आणि प्रेसला द्यायची पीडीएफ एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) स्क्रायबसमधून निघते. मॉनिटरचं कॅलिब्रेशन नव्या सिस्टीमवर पुन्हा करा, त्यासाठीचं सॉफ्टवेअर डिस्प्लेकॅल तुमच्या रंग मोजायच्या मीटरला सपोर्ट करतं का ते आधी बघून ठेवा.

हे सगळं पास झालं तरच इन्स्टॉल, आणि शक्यतो वेगळ्या एसएसडीवर, जुनी तशीच ठेवून. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्स विंडोजची डिस्क फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बूटच्या सेटिंगमध्ये हात घातला की ती मागितली जाऊ शकते. मिंट असेल तर टाईमशिफ्टचा (सिस्टीम आधीच्या स्थितीत परत नेणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पहिला स्नॅपशॉट काही अपडेट करायच्या आधीच घ्या. आणि हे सगळं एखादं काम द्यायच्या आठवड्यात करू नका, दोन कामांच्या मधली मोकळी जागा बघा.

पहिला महिनाभर नवी कामं लिनक्सवर, चालू असलेली जुनी कामं जुन्यावरच संपवा, अर्धं काम मधेच इकडे आणू नका. जुनी डिस्क कधी पुसायची म्हणाल, तर नव्या सिस्टीमवर केलेलं एक काम डिलिव्हर होऊन त्याच्या करेक्शनची फेरी पण पार पडली आणि एखाद्या जुन्या कामात बदल मागणारा एक फोन येऊन गेला आणि तोही बदल तुम्ही डिस्क न जोडता करून दिला, की मग पुसा.