हवाई दलात मेडिकल असिस्टंट व्हायचंय? मग आधी विमान समजून घ्या

भरतीची जाहिरात निघाली की गावाकडून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: ‘काका, मेडिकल असिस्टंट म्हणजे इंजेक्शनं द्यायची आणि पट्ट्या बांधायच्या, एवढंच ना?’ तेही असतंच. पण या ट्रेडमध्ये, म्हणजे हवाई दलातल्या कामाच्या या शाखेत, निम्मं लक्ष रुग्णाकडे आणि निम्मं विमानाकडे ठेवावं लागतं, आणि ही गोष्ट भरती अकादमीत कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रवेशाचं थोडक्यात उरकतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी. एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के. फार्मसी शिकलेल्यांसाठीही वाट आहे. अग्निवीरवायूची, म्हणजे चार वर्षांच्या सेवेची, जाहिरात वेगळी आणि ही वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. वयाच्या अटी मूळ जाहिरातीतच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर विसंबू नका. १.६ किलोमीटर धावणं, लेखी परीक्षा, मग अ‍ॅडाप्टॅबिलिटी टेस्ट. हवाई दलाच्या वातावरणात जुळवून घेता येईल का, हे पाहणाऱ्या या शेवटच्या टेस्टमध्ये पाठ केलेली उत्तरं लगेच उघडी पडतात. निवड झाली की बेळगावला बेसिक ट्रेनिंग, नंतर बंगळुरूला मेडिकल ट्रेनिंग सेंटर. बेळगावात आपल्या पोरांना घरच्यासारखं वाटतं, ड्रिल इन्स्ट्रक्टर भेटेपर्यंत.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलमध्ये जे चालतं त्यातलं बरंच विमानात चालत नाही. पाऱ्याचं जुनं बीपीयंत्र घ्या. विमानाचा सांगाडा बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमचा, आणि पारा अ‍ॅल्युमिनियमला पोखरतो. नळी फुटून चार थेंब फ्लोअरच्या फटीत गेले की ते विमान दुरुस्तीला उभं. म्हणून पाऱ्याचं बीपीयंत्र आणि थर्मामीटर खालीच राहतं.

ऑक्सिजनचंही तसंच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की आग लागायला ठिणगीचीही गरज लागत नाही. लडाखच्या थंडीत ओठ फुटतात, माणूस सहज व्हॅसलीन लावतो, आणि त्याच बोटांनी सिलिंडरची चावी फिरवायला जातो. हात साबणाने धुवा, कोरडे करा, मगच रेग्युलेटरला लावा. रुग्णाला मास्क लावण्याआधी त्याचेही ओठ पुसून घ्या. सॅनिटायझर चोळलेला हातही पूर्ण वाळू द्या.

मग एफओडी. इंजिनात ओढली जाईल अशी धावपट्टीवरची कुठलीही फालतू वस्तू. आपल्या पिशवीत अशाच वस्तू भरलेल्या असतात: सुईचं टोपण, अँप्यूलचं (औषधाच्या काचेच्या कुपीचं) तुटलेलं डोकं, गॉजचा तुकडा, उतरवलेला ग्लोव्ह. रुग्ण चढवताना सगळ्यांचं लक्ष रुग्णाकडे असतं, आणि तेवढ्यात वाऱ्याने एक मास्क उडून जातो. मी नव्या पोरांना सांगायचो, कचऱ्याची थैली आधी बांधा, सलाईन नंतर. नेलेलं सामान मोजा, परतलेलं मोजा, नग कमी भरला तर लगेच तोंड उघडा. ओरडा बसेल, पण विमान तपासलं जाईल.

हेलिकॉप्टरकडे जाताना नेहमी पुढून, पायलटला दिसेल असं, आणि त्याने खूण केल्यावरच. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने कधीच जायचं नाही, तिथे फिरतं पातं डोक्याच्या जवळ येतं. शेपटीकडे तर फिरकायचंही नाही. सलाईनचा स्टँड उभा धरायचा नाही, बाटली रुग्णाच्या अंगावर आडवी. ब्लँकेट पट्ट्याखाली घट्ट खोचलेलं.

अकरावी-बारावीत बॉइलचा नियम पाच मार्कांसाठी वाचला असेल, इथे तो रोज भेटतो: दाब कमी झाला की हवा फुगते. केबिनमधला दाब ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा असेल तर कोंडलेली हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा साठलेल्या रुग्णाला नळी टाकल्याशिवाय वर न्यायचं नाही ते यासाठी. श्वासनलिकेतली ट्यूब घट्ट बसवणारा फुगाही असाच फुगतो. पण लेहचा हिशोब उलटा. लेहचा विमानतळच साडेदहा हजार फुटांच्या वर. तिथे भरलेला फुगा चंदीगडला उतरेपर्यंत आकसतो आणि ट्यूबच्या बाजूने हवा गळायला लागते. म्हणून बरेचदा त्यात हवेऐवजी सलाईन भरतात. नुसतं पाठांतर केलेला इथे हमखास अडकतो.

लेहमधली बहुतेक उड्डाणं सकाळी उरकतात. दुपारी हवा तापून आणखी विरळ होते, वारा सुटतो, विमानाला कमी वजन घेऊन उठावं लागतं. रुग्ण मात्र वेळ बघून आजारी पडत नाही. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेल्या जवानाचं पहिलं औषध म्हणजे ऑक्सिजन आणि खाली उतरवणं, मग उड्डाण अडलं की जीव वर-खाली होतो. अशा वेळी एक नियम पक्का धरा: रुग्ण किती तातडीचा आहे ते डॉक्टर सांगतात, विमान उडणार की नाही ते कॅप्टन ठरवतो. मी क्रूला रुग्णाची कहाणी कधी सांगितली नाही. वजन, स्ट्रेचर की बसून, ऑक्सिजन किती लागेल, सोबत कोण, बस्स. ‘सर, त्याला महिन्याभराची मुलगी आहे’ हे वाक्य कॉकपिटपर्यंत गेलं की हवामानाचा आकडा बघणाऱ्या माणसावर नको तो भार पडतो. काहींना हे निष्ठुर वाटतं. वाटू दे.

कोविडमध्ये हे सगळं मोठ्या प्रमाणावर दिसलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हवाई दलाचं सी-१७ हे मोठं मालवाहू विमान वुहानला सुमारे १५ टन वैद्यकीय सामान घेऊन गेलं आणि ११२ जणांना घेऊन परतलं. त्यातले ३६ परदेशी होते. पुढच्या महिन्यात तेहरानहून ५८ भारतीय दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर आले. संसर्गाचा रुग्ण बंद केबिनमध्ये न्यायचा तर क्रू वाचवायचा कसा, हा खरा प्रश्न होता, कारण पायलट आजारी पडले तर पुढची सगळी उड्डाणं थांबतात. चंदीगडच्या ३ बेस रिपेअर डेपोने, म्हणजे हवाई दलाच्या दुरुस्ती कारखान्याने, त्यावर ‘अर्पित’ हा पॉड, म्हणजे रुग्णाला झोपवून नेण्याची बंद पेटी, बनवला. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, बाहेर पडणारी हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून. खर्च सुमारे ६० हजार रुपये, बाहेरून आणायचा तर ६० लाखांपर्यंत. तो हवाई दलासाठी मान्य असलेल्या साहित्यातून बनवला, हे मला किमतीपेक्षा मोठं वाटतं. बाजारातलं कुठलंही प्लास्टिक आणि कुठलीही बॅटरी विमानात चढत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये लोक विचारायचे, भरलेले ऑक्सिजन टँकरच विमानाने का नेत नाहीत? द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. टाकी कितीही चांगली असली तरी आत वायू तयार होत राहतो आणि तो सोडावाच लागतो. बंद विमानात ऑक्सिजन वाढणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून रिकामे टँकर विमानाने न्यायचे आणि भरलेले रस्त्याने किंवा रेल्वेने परत आणायचे. पुण्याहून जामनगरला असेच दोन टँकर गेले, सिंगापूरच्या चांगीहून पश्चिम बंगालमधल्या पानागढला चार रिकामे कंटेनर आले. वेळ अर्धा वाचला, तोही पूर्ण सुरक्षितपणे.

रोजच्या ड्यूटीत मात्र एवढं नाट्य नसतं. सकाळचा सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी लोकांची तपासणी, रांगेत एखादा पायलट, नाक चोंदलेलं. तो म्हणेल, ‘एक गोळी दे, ब्रीफिंग आहे.’ देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि चोंदलेल्या नाकाने खाली उतरताना कानात असह्य कळ उठते. त्याला डॉक्टरांसमोर बसवा. लसीच्या काळातही हेच: मार्च २०२१ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, नागरी वैमानिकांना लसीनंतर ४८ तास उड्डाणाला मनाई केली होती. तुमचा हुद्दा अगदी खालचा असेल आणि समोर विंग कमांडर असतील, तरी ‘सर, आधी डॉक्टरसाहेब’ हे शांतपणे म्हणता यायला हवं. याची सवय बंगळुरूच्या ट्रेनिंगमध्येच लावून घ्या, आणि इंग्रजीत रुग्णाची माहिती फोनवर चार वाक्यांत सांगायची तयारी आजपासूनच करा.