रात्रीच्या ट्रेकसाठी टॉर्चचा एलईडी बदलताना

रात्री डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: ल्युमेनचे (उजेड किती, त्याचे) आकडे नंतर बघा, आधी उजेडाचा रंग बघा. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात तांबडी माती, वाळकं गवत आणि पाचोळा सगळं फिकट, एकाच छटेचं दिसतं. त्या पाचोळ्यात फुरसं असेल तर ते वेळेत दिसायला हवं. उजेड ४५०० केल्विनच्या आसपास आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर असला की लाल लाल दिसतो, तपकिरी तपकिरी.

त्यासाठी कॉनव्हॉय एस२+ हा माझा आवडता टॉर्च. १८६५० आकाराचा एक लिथियम सेल, खिशात मावणारा, उघडायलाही सोपा. त्यात बसवायला निचिया कंपनीचा ५१९ए हा एलईडी घ्या. सुटा एलईडी जेमतेम ३.५ मिमीचा चौकोन असतो. पहिल्यांदाच करत असाल तर तो १६ मिमीच्या तांब्याच्या स्टारवर (एलईडीखालच्या गोल पट्टीवर) आधीच बसवलेला मागवा. स्टार डीटीपी प्रकारचाच हवा. त्यात एलईडीचा मधला पॅड थेट तांब्याला जोडलेला असतो, मध्ये इन्सुलेशनचा थर नसतो, त्यामुळे उष्णता कुठे अडत नाही. फ्लक्स, सोल्डर आणि स्टारची उष्णता खालच्या धातूत नेणारी थर्मल पेस्ट मला पुण्यात तापकीर गल्लीत मिळते.

सेल बाहेर काढा आणि टॉर्चचं डोकं नळीपासून सोडवा. मागून आत पाहिलंत की पितळी पिल दिसेल, म्हणजे एलईडी आणि ड्रायव्हर (करंट ठरवणारं सर्किट) धरून ठेवणारा आट्यांचा तुकडा. तिच्या खाचांत टोकदार पक्कड अडकवून फिरवा. पिल निघाली की रिफ्लेक्टर आणि काच मागूनच बाहेर येतात. रिफ्लेक्टरला आतून बोट लावू नका. तिथला चकचकीत थर इतका नाजूक असतो की ठसा पुसायला गेलात तर ओरखडे उठतात.

आता जुन्या स्टारला जोडलेल्या वायरी. लाल प्लस, काळी मायनस. काढण्याआधी फोटो घेऊन ठेवा. पितळ उष्णता खेचून घेतं, म्हणून बारीक टोकाचं २५ वॉटचं आयर्न इथे हार मानतं. ६० वॉटचं, चपट्या टोकाचं घ्या. टेकवलं, सोल्डर वितळलं, वायर उचलली, इतक्यात काम व्हायला हवं. जुना स्टार उचला आणि जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. नवी पेस्ट पातळ लावा, स्टार बसवून दाबून थोडा फिरवा. पेस्टचा जाड थर उष्णतेला अडवतो.

वायरी परत जोडताना सोल्डरचा ठिपका बुटका ठेवा. उंच राहिला तर रिफ्लेक्टरचा तळ त्याला टेकतो आणि शॉर्ट होतो. ते टाळायला आणि एलईडी मधोमध राहायला मध्ये प्लॅस्टिकची छोटी चकती असते. सगळ्यात जास्त वेळ मी या चकतीवर घालवते. आधीचा एलईडी ५ मिमीचा असेल तर त्याची चकती ५१९ए भोवती सैल बसते आणि झोत एका बाजूला कलतो. ३५३५ साठीचीच, म्हणजे ३.५ × ३.५ मिमीच्या एलईडीची चकती घ्या. जोडून झाल्यावर सगळ्यात कमी उजेडाच्या मोडवर पांढऱ्या भिंतीवर झोत टाका. मधला ठिपका लंबगोल दिसला तर एलईडी सरकलाय. मध्ये काळसर डाग दिसला तर चकतीची जाडी चुकली आहे, म्हणजे एलईडी रिफ्लेक्टरच्या योग्य खोलीवर नाही.

ड्रायव्हर मी सहसा बदलत नाही. त्यात करंट ठरावीक ठेवणाऱ्या ७१३५ नावाच्या आठ चिप्स, प्रत्येकी ३५० मिलीअँपिअर, म्हणजे २.८ अँपिअर, या एलईडीला तेवढा करंट भरपूर झाला. हा ड्रायव्हर जादा व्होल्टेजची उष्णताच करतो, त्यामुळे भरलेल्या सेलवर टॉर्च लवकर तापतो. हाताला चटका लागायच्या आत मोड खाली आणा. पायवाटेवर चालायला मधला मोड पुरतो.

सेल मात्र चांगल्या कंपनीचा, नवा घ्या. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले किंवा वेष्टण फाटलेले सेल या करंटला लावू नका. शेवटी ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा; पावसाळ्यात पाणी तिथूनच आत शिरतं.