ओंटारिओच्या उत्तरेला मासेमारीसाठी निघताय? या चुका टाळा

मे महिन्यातला व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकएंड आला की टोरंटोकडून हायवे ४०० आणि पुढे ११ वर उत्तरेला जाणाऱ्या ट्रेलरांची रांग लागते. उत्तर ओंटारिओच्या बऱ्याच भागांत वॉलाय माशाचा हंगाम मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि बहुतेक वर्षी तो याच सुट्टीत येतो. या रांगेत आता मिसिसागा-ब्रॅम्प्टनची मराठी कुटुंबंही असतात. कुणी लॉजवरची बोट भाड्याने घेतं, कुणी चौदा फुटी ॲल्युमिनियमची जुनी बोट आणि ९.९ हॉर्सपॉवरचं सेकंडहँड इंजिन विकत घेतं. शनिवारी सकाळी रॅम्पवर मात्र दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि इंजिन काही धरत नाही.

अशा अडलेल्या इंजिनांपैकी फार थोड्यांत मोठा यांत्रिक बिघाड असतो. दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेत असतो आणि त्याची सुरुवात मागच्या ऑक्टोबरात झालेली असते. म्हणून इथे इंजिन खोलण्याबद्दल कमी आणि किनाऱ्यावर उभं राहून करायच्या कामांबद्दल जास्त लिहितो आहे.

दोरी ओढण्याआधी हे बघा

पहिली चूक म्हणजे इंजिन सुरू झालं नाही की लगेच स्पार्क प्लग काढायला बसणं. आधी लाल सुरक्षा दोरीची क्लिप जागेवर आहे का ते बघा. ती निघालेली असेल तर कितीही ओढा, ठिणगीच पडणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. प्रवासात तो बंद ठेवतात, पण पाण्यावर उतरल्यावर उघडायचं राहून जातं. अशा वेळी इंजिन सुरू होतं, पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि तळ्याच्या मधोमध आचके देत बंद पडतं. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, चपटा झालेला दिसला तर कारण जवळजवळ नक्कीच हे असतं. स्क्रू उघडा, फुगा पुन्हा फुगेल.

याउलट, फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर नळीत कुठूनतरी हवा शिरते आहे. टाकीकडचं किंवा इंजिनकडचं कनेक्टर नीट बसलेलं नसतं, नाहीतर त्यातली रबरी रिंग वाळून चिरलेली असते. ही रिंग अगदी स्वस्त मिळते, दोन जादा ठेवा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असायला हवा. नळी बदलताना तो उलटा लावलेली माणसं भेटतात आणि त्यांचा अख्खा दिवस वाया जातो.

सगळं ठीक असून पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. चोक आत ढकला, थ्रॉटल पूर्ण उघडा, सात-आठ वेळा ओढा. तरीही नाही जमलं, तर मात्र प्लग काढून पुसा.

गेल्या वर्षीचं पेट्रोल

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. भारतात ई२० वरून (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून) झालेली चर्चा वाचकांच्या कानावर असेलच. इथल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतं. रोजच्या गाडीत त्याचा त्रास होत नाही, कारण टाकी आठवड्याभरात रिकामी होते. बोटीची टाकी ऑक्टोबर ते मे तशीच पडून राहते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो. टाकीतली पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणजे इंजिनाच्या घशात पहिल्यांदा तोच थर जातो. शिवाय कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं आणि केसाएवढ्या बारीक छिद्रांचे जेट बुजतात. इंजिन हळू चालवताना बंद पडतं आणि चोक थोडा ओढला की सुधारतं, असं असेल तर जेटच बुजलेत असं समजा.

उपाय सोपा आहे. गेल्या वर्षीचं पेट्रोल बोटीत घालू नका. ते स्थानिक घातक कचरा केंद्रावर द्या. काही मरीनांवर इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं, चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. जुनं टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते त्याच्या पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याच्या अंदाजाने नको. त्याने सांगितलेलं ५०:१ त्याच्या इंजिनाचं असतं.

मागून येणारी पाण्याची धार

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) चालू असताना मागे एका छोट्या छिद्रातून पाण्याची बारीक धार पडत असते. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतंय, याची ती खूण. सुरू केल्याबरोबर मागे वळून ती बघायची सवय लावा आणि मुलांनाही लावा. त्यांना हे काम फार आवडतं. धार थांबली तर लगेच इंजिन बंद करा. आधी खालच्या जाळीत शेवाळ किंवा पाणवनस्पती अडकलीय का बघा. मग त्या छिद्रात जाड तंगुसाचा तुकडा घालून ते मोकळं करा. कधीकधी तिथे नुसता किडा किंवा माती असते. तरीही धार येत नसेल तर आतला रबरी इंपेलर, म्हणजे थंड करणारं पाणी खेचणारा छोटा पंखा, गेलाय आणि वल्हं हाती घेण्यावाचून इलाज नाही.

इंपेलर बहुतेकदा घराच्या अंगणातच खराब होतो. "चालतंय का बघू" म्हणून इंजिन कोरडं सुरू करतात. पाण्याशिवाय तो रबरी पंखा धातूवर घासतो आणि मिनिटभरातही खलास होऊ शकतो. अंगणात चालवायचंच असेल तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवा, नाहीतर नळाला जोडायचे कानपट्ट्यांसारखे कप लावा.

खडक आणि पंखा

उत्तरेची तळी कॅनेडियन शील्डच्या, म्हणजे इथल्या प्राचीन खडकाळ पठाराच्या, ग्रॅनाइटवर आहेत. निळंशार पाणी पाहून खोल वाटतं आणि अर्ध्या फुटाखाली खडकाची पाठ असते. टेमागामीसारख्या तळ्यात किनाऱ्यापासून बरंच आतही असे उथळ खडक आहेत. नकाशाशिवाय वेगात जाऊ नका आणि लॉजवाल्याला "खडक कुठे आहेत" हे कागदावर खुणा करून विचारा.

छोट्या इंजिनांच्या पंख्यात (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरमध्ये) एक शिअर पिन असते. खडकाला आपटल्यावर तुटावी म्हणूनच ती मऊ धातूची केलेली असते. ती तुटली की इंजिन जोरात ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. अशा वेळी खिळा ठोकून काम भागवणं ही मोठी चूक. पुढच्या वेळी खिळा तुटत नाही, आतला गिअर तुटतो. दोन जादा पिना, कॉटर पिन आणि पक्कड एका डबीत घालून बोटीतच ठेवा. मोठ्या इंजिनात पिनेऐवजी पंख्याच्या मध्ये रबरी हब असतो. तो निसटला असेल तर हळूहळू चालवत किनाऱ्यावर या.

पंख्याच्या मागे दांड्यावर तंगूस गुंडाळला जातो, हेही बघत जा. तो आतल्या ऑइल सीलला कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं.

गरम हवा, गार पाणी

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण इथली चूक दुरुस्त करायची संधी दुसऱ्यांदा मिळत नाही.

मेमध्ये हवा २० अंशांवर जाते, टी-शर्टवर बसावंसं वाटतं. पण काही आठवड्यांपूर्वीच त्या तळ्यावर बर्फ होता आणि पाणी अजून एक अंकी तापमानात असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याबद्दल १-१०-१ असं सूत्र सांगितलं आहे. पडल्यावर श्वास ताब्यात आणायला साधारण १ मिनिट, हातापायांची उपयोगी हालचाल करता येईल अशी सुमारे १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे तुम्ही पट्टीचे पोहणारे असाल, लहानपणी कृष्णेच्या पुरात उड्या मारल्या असतील, तरी पहिल्याच धक्क्यात तोंडात पाणी जाऊ शकतं आणि दहा मिनिटांनंतर हात वळत नाहीत. तो तासभर उपयोगी पडतो तो फक्त लाइफजॅकेट अंगात असलेल्या माणसाला. सीटखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. कायदा प्रत्येकासाठी योग्य मापाचं जॅकेट बोटीत असावं असं म्हणतो. तुम्ही ते अंगात घाला. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, ते वर सरकून डोक्यातून निघतं.

लाल सुरक्षा दोरी मनगटाला किंवा पायाला बांधा. माणूस पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिलं तर हँडल सुटलेली बोट गोल गोल फिरते आणि फिरता पंखा घेऊन त्याच्याच अंगावर येऊ शकते.

वारा हा दुसरा मुद्दा. निपिसिंग तळं ८७३ चौरस किलोमीटरचं आहे, पण सरासरी खोली जेमतेम साडेचार मीटर. अशा पसरट उथळ पाण्यावर वाऱ्याने बघता बघता आखूड, उभ्या लाटा उठतात. परतीचा रस्ता वाऱ्याविरुद्ध असेल तर दुपारी मासे लागत असले तरी निघा. बोटीवरच्या पाटीवर किती माणसं, किती वजन आणि किती हॉर्सपॉवर हे लिहिलेलं असतं, ते पाळा. उत्तरेत मोबाइलला सिग्नल नसणं नेहमीचंच. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या कुणालातरी सांगून ठेवा. बिअर परत येऊन प्या. दारू पिऊन बोट चालवताना सापडलात तर गाडीचं लायसन्सही जातं.

गळ, तंगूस आणि बॅटरी

नॉर्दर्न पाइकचे दात तंगूस सहज कापतात. पाइक असलेल्या पाण्यात गळाच्या आधी स्टीलचा लीडर (तारेचा छोटा तुकडा) लावा. ब्रेडेड दोरा गुळगुळीत रिळावर थेट गुंडाळला तर सगळाच गोल घसरतो, म्हणून खाली थोडा साधा नायलॉन तंगूस गुंडाळा. गाठ आवळण्याआधी ओली करा. स्पिनिंग रीळची बेल (तंगूस रिळावर घेणारी तारेची कमान) हँडल फिरवून बंद न करता हाताने बंद केली तर तंगुसाला पीळ कमी पडतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना रीळ ज्या ताणाला तंगूस सोडतं तो, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच ठेवा.

इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटरला (मासेमारी करताना बोट सावकाश हलवणाऱ्या छोट्या मोटरला) गाडीची बॅटरी लावू नका. ती क्षणभर जोराचा करंट द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास चालायला डीप-सायकल बॅटरीच लागते. ५५ पाउंड थ्रस्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास खेचते. त्यामुळे १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यावर यायला तासभरही लागत नाही. निम्म्या वेगात तीच कितीतरी जास्त टिकते.

कागदपत्रं, आमिष आणि मासे

इंजिन असलेली कुठलीही बोट चालवायला प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं. २००९ पासून ते सगळ्यांना सक्तीचं आहे. भाड्याच्या बोटीला लॉजवाला चेकलिस्ट भरून घेतो, तीही चालते. ओंटारिओत राहणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या प्रत्येकाला आउटडोअर्स कार्ड आणि मासेमारीचं लायसन्स हवं. एकाच लायसन्सवर घरातल्या तिघांनी गळ टाकायचा, हे चालत नाही.

उरलेले जिवंत छोटे मासे तळ्यात सोडून देणं दयाळूपणाचं वाटतं, पण ते बेकायदा आहे. आमिषाच्या बादलीतलं पाणीसुद्धा काठापासून ३० मीटरच्या आत ओतता येत नाही. परक्या जाती आणि रोग असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. १ जानेवारी २०२२ पासून बोट रस्त्यावर काढण्याआधी तळाचं बूच काढून पाणी सोडणं आणि पाणवनस्पती झाडून टाकणंही बंधनकारक आहे. (तेच बूच पुढच्या रॅम्पवर लावायचं विसरतं. ते किल्लीच्या जुडग्याला बांधा.)

आपल्याकडची खास चूक अशी, की मासा तिथेच साफ करून, कातडी काढून, तुकडे करून कालवणासाठी एका पिशवीत भरायचा. कोणत्या जातीचे किती मासे आहेत हे अधिकाऱ्याला ओळखता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक तुकड्यावर कातडीचा थोडा भाग राहू द्या. वॉलायला काटे कमी, पाइकला वाय आकाराचे बारीक काटे; काट्यांची सवय असलेल्या कोकणी माणसाला पाइकही गोड लागेल. मात्र मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी काय, किती खावं हे ओंटारिओ सरकारच्या मार्गदर्शनात तळ्याच्या नावाने बघता येतं. माशांची आतडी तंबूजवळ टाकू नका. काळं अस्वल वासावर येतं.

ऑक्टोबरातला एक तास

हंगाम संपला की ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. मग खालच्या गिअरचं तेल बदला. हे काम वसंतात करू म्हणून ढकललं जातं आणि तिथेच घात होतो. जुनं तेल दुधाळ निघालं तर आत पाणी आहे. उणे ३० मध्ये ते गोठतं, फुगतं आणि गिअरचं घर तडकवतं. नवं तेल खालच्या छिद्रातून भरा, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा कोंडत नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे लावा. इंजिन आडवं न टाकता उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी आपोआप निथळतं. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून ठेवा. उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडी खालीच गोठून फुटते, भरलेली अख्खा हिवाळा काढते.