उजनी-हिप्परग्याची बदकं बघायला निघालात? या चुका टाळा

डिसेंबर लागला की सोलापुरातून गाड्या उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवण, केत्तूर, कुगावच्या वाटेला लागतात. दुपारी बरेच जण ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परत येतात. बदकं असतात तिथंच. फक्त ती आपण पोचायच्या आधी उडालेली असतात, आणि उडायचं कारण बहुतेक वेळा आपणच असतो.

आधी एक विषय मिटवून टाकू. ‘मारायला मिळतात का?’ असं अजूनही विचारलं जातं. नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फासे लावणं, आमिष टाकणं, हाकणं, पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना हात लावणं हेही त्याच व्याख्येत आहे. म्हणून नावाड्याला ‘जरा उडवून दाखवा की’ म्हणतानाही जीभ आवरलेली बरी.

पाणी न विचारता तारीख ठरवणं

पावसाळा चांगला झाला की उजनी काठोकाठ भरते आणि काठचा उथळ गाळ पाण्याखाली जातो. नोव्हेंबरात पाणी अफाट दिसतं, पण पाण्यात मुंडकं घालून शेपूट वर करणाऱ्या बदकांना ते निरुपयोगी. थापट्या, तलवार बदक, चक्रांग यांची मान पोचेल एवढंच पाणी त्यांना लागतं, म्हणजे घोट्यापासून फार तर गुडघ्यापर्यंत. कालव्यांना आवर्तनं सुटून पाणी उतरू लागलं की गाळाच्या कडा उघड्या पडतात, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत खरी गर्दी होते. रोहित पक्ष्यांचंही तेच.

त्यामुळे फोनवर ‘पक्षी आलेत का?’ असं विचारू नका, उत्तर ‘आलेत’ असंच येणार. ‘गाळ उघडा पडलाय का, कुठल्या काठाला?’ हे विचारा. गेल्या वर्षीची जागा यंदा चालेलच असं नाही. धरण निम्मंच भरलं असेल तर उथळ पाणी पार दुसरीकडं सरकलेलं असतं.

लालसरी आणि शेंडी बदक मात्र बुडी मारणारी. ती खोल, मोकळ्या पाण्यातच शोधायची. पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचा हंस, पहाटे शिवारात हरभरा-गव्हावर चरतो आणि ऊन चढल्यावर काठच्या ओल्या गवतावर विसावतो. त्याला सकाळी सातला पाण्यात शोधणं वाया. दहाच्या सुमाराला काठ धुंडाळा.

उशिरा निघणं

सोलापूर ते भिगवण साधारण १५० किलोमीटर. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा होडीत बसलेलं असायचं तर घरून पावणेचारला निघावं लागतं. नाश्ता करून निघालात तर साडेनऊला पोचाल, तोवर चार होड्या थव्यातून फिरून गेलेल्या असतात. एवढं जमत नसेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव जवळ आहे, पावणेसहाला निघालं तरी चालतं. नवख्यांनी आधी तिथं काठावरूनच हात बसवावा. हुरडा पार्टी जोडायची असेल तर परतताना. जाताना नाही.

होडी सरळ थव्यावर नेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती नावाडी करत नाही, त्याच्याकडून करवून घेतली जाते. ‘अजून जवळ, अजून जवळ’ म्हणणारा एक माणूस होडीत असला की बास.

इंजिन थव्यापासून २०० मीटरवर बंद करायचं. पुढं वल्हं किंवा बांबू. नाक थव्याकडं न ठेवता तिरकं जायचं, जणू आपल्याला पलीकडच्या काठाला जायचंय. दर वीस-पंचवीस मीटरवर मिनिटभर थांबायचं. बदकं चरत राहिली तर पुढं. माना ताठ उभ्या झाल्या, चरणं थांबलं, सगळी एकाच दिशेला पोहू लागली, तर तुम्ही हद्दीवर आहात. तिथंच थांबा, नाहीतर दहा मीटर मागं या. दोन-तीन मिनिटांत माना खाली गेल्या तर ठीक. हा इशारा दुर्लक्षिला की पुढच्या पाच सेकंदांत थवा हवेत आणि तासाभराची मेहनत पाण्यात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दर अर्ध्या तासाला उठवलं तर त्याचं चरणंच होत नाही, हा तोटा वेगळा.

वारा आणि ऊन एकत्र बघा. बदकं वाऱ्याकडं तोंड करून उडतात. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी होडी लावा. पक्षी स्वतःहून उडाले तरी तोंड तुमच्याकडं असेल आणि अंगावर उजेड असेल. हिवाळ्यात सकाळचा वारा आपल्याकडं बऱ्याचदा पूर्व-ईशान्येचा असतो. तेव्हा थव्याच्या पूर्वेला होडी, हे गणित बहुतेक सकाळी जमतं. थवा पूर्वेला आणि तुम्ही पश्चिमेला असाल तर काळ्या सावल्यांशिवाय काही हाती लागत नाही.

होडीत चारच्या वर माणसं नकोत, कॅमेरेवाले दोनच. पांढरा शर्ट, भडक टोपी नको, आणि उभं राहणं तर नकोच. उभा माणूस पक्ष्याला फार लांबून दिसतो. भाडं होडीचं की माणशी, किती तास, हे बसायच्या आधी बोलून घ्या. पाण्यात घासाघीस सुरू झाली की सगळ्यांचाच मूड जातो.

फोटो फसतात ते का

लेन्स खराब नसते. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि लांबचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा येतो. याला महागडी लेन्स उपाय नाही. अंतर कमी करा किंवा कॅमेरा ठेवून दुर्बीण घ्या. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पटीची, पुरते. हलत्या होडीत १२ पटीची घेतली तर डोकं गरगरतं.

होडीत तिपाई उपयोगाची नाही, पायांतून इंजिनाचा थरकाप कॅमेऱ्यात जातो. वाटाणा किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेका. पोहणाऱ्या पक्ष्याला शटर १/८०० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००. चकाकत्या पाण्यामुळं पक्षी काळा येत असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. चित्र उंचावरून काढल्यासारखं वाटतंय? होडीच्या तळाशी बसा.

‘ही सगळी बदकंच’

काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा आणि पांढरी चोच असलेला पक्षी बदक नव्हे, वारकरी. नाव लक्षात ठेवायला सोलापूरकरांना जड जाऊ नये. टिबुकली आणि पाणकावळाही बदक नव्हे. चोचीच्या टोकाला पिवळा, बुडाशी तांबडा ठिपका दिसला तर हळदी-कुंकू बदक, ते इथलंच, पाहुणं नाही.

खरा गोंधळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा बरेच नर अजून मादीसारख्या मातकट पिसांत असतात आणि पुस्तकातल्या चित्राशी काहीच जुळत नाही. अशा वेळी अंगाचा रंग सोडून चोच आणि पंखाच्या मागच्या कडेचा चौकोनी पट्टा बघा. पट्टा पांढरा तर गडवाल, हिरवा आणि अंगानं चिमुकला तर चक्रांग. फावड्यासारखी चोच थापट्याची, ती कुठल्याही ऋतूत लपत नाही. तेही नाही दिसलं तर उडण्याकडं लक्ष द्या. पाण्यातून थेट वर झेपावलं तर उथळात चरणारं, पाण्यावर धावत गेलं तर बुडी मारणारं. नक्की ओळख हवी असेल तर जानेवारीतच या.

पाण्याला गृहीत धरणं

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट घालून बक्कल लावायचं, मांडीखाली घेऊन बसायचं नाही. होडीत ती नसतील तर त्या होडीत बसू नका. पाण्याखाली जुनी झाडं, बांध, वेड्या बाभळीचे खुंट आहेत आणि माशांची जाळीही, त्यामुळं नावाडी वळसा घालतोय तर घालू द्या. लाटांना पांढरे फेस दिसू लागले की परत फिरायचं, पैसे वसूल झाले असोत वा नसोत.

मेलेलं बदक दिसलं तर उचलू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. बर्ड फ्लूची शंका असू शकते. जागा नीट लक्षात ठेवून वन खात्याला किंवा जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कळवा.